सहावीतून नाव कमी

४ जानेवारी

आजपासून संस्थेत रुजू झाले. टेबल खिडकीपासून तिसरं. खुर्चीचा एक पाय आखूड आहे म्हणून खाली घडी घातलेला कागद सरकवला. कागद संस्थेचा होता, पण कोरा नव्हता, वापरलेला होता.

संपादकबाईंनी काम समजावून सांगितलं. सरांना यंदा ऐंशी पूर्ण होतात, त्यानिमित्त गौरवग्रंथ निघणार आहे. एकाच जुन्या ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रती शेजारी शेजारी ठेवून, ओळ अन् ओळ ताडून, मूळ मजकूर कोणता असेल हे ठरवायची सरांची पद्धत आज सगळे अभ्यासक वापरतात. त्यावरची जड प्रकरणं मोठी माणसं लिहिणार. माझ्याकडे पहिलं : ‘बालपण व शिक्षण’.

“सगळ्यांत सोपं तुला दिलंय,” बाई म्हणाल्या. “सगळं आधीच लिहून झालेलं आहे. नीट जुळव, भाषेवरून हात फिरव, झालं.” फेब्रुवारीअखेर प्रकरण पसंत पडलं तर मला कायम करतील.

घरी आईने विचारलं, “तिथे करायचं काय असतं?” एका मोठ्या माणसाच्या लहानपणाबद्दल लिहायचं, असं सांगितलं. आई म्हणाली, “लहानपण तर सगळ्यांनाच असतं. त्यात काय लिहायचं?” दादा हसून म्हणाला, “अगं, मोठ्या माणसाचं लहानपण मागाहून तयार करावं लागतं. म्हणून तर हिला ठेवलंय.”

दादाचं पाण्याच्या पंपांच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे. आठवीनंतर शिकला नाही. अभ्यासाचा कंटाळा होता, असं तो स्वतःच सांगतो. मी पाचवीत गेले त्याच वर्षी त्याने शाळा सोडली आणि दुकानात बसायला लागला. घरात शिकलेली अशी मी एकटीच. कधी कधी याची भीती वाटते. मी चुकले तर चूक दाखवणारंही घरात कोणी नाही.

९ जानेवारी

सरांवरची चार चरित्रं वाचून संपवली. लहानपणीचा मुख्य प्रसंग चारही ठिकाणी आहे. वडील पुस्तकं बांधायचे. सर सहावीत असताना भूगोलाच्या मास्तरांनी एका डोंगराची उंची सांगितली. बारा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ही उंची चूक आहे. मास्तरांनी छड्या मारल्या. मुलाने माफी मागितली नाही, शाळा सोडली आणि वडिलांच्या दुकानात बसून, बांधायला आलेली पुस्तकं वाचून विद्वान झाला. पुढे मोजणी झाली तेव्हा त्याचीच उंची खरी निघाली.

गोष्ट चांगली आहे. मला वाचताना भरून आलं. पण छड्या एका पुस्तकात सहा, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात बारा आहेत. चौथ्यात ‘हात सुजेपर्यंत’. डोंगराची उंची चौघांपैकी एकानेही दिलेली नाही.

बाईंना विचारलं, “कोणता आकडा घेऊ?” त्या म्हणाल्या, “मधला घे.”

१५ जानेवारी

शाळेत जाऊन आले. लेखनिकाने जुन्या नोंदवह्यांची खोली उघडून दिली आणि म्हणाला, “वर्षातून एकदा कोणीतरी येतं, दारात उभं राहून फोटो काढतं आणि जातं. आत येणाऱ्या तुम्हीच.” दोन तास लागले. (एक तास पन्नास मिनिटं.)

सरांचं नाव सापडलं. शेवटच्या रकान्यात, ताठ अक्षरात : ‘नाव कमी केले. कारण : असत्य भाषण.’

तीनदा वाचलं. मग वरच्या आणि खालच्या ओळी वाचल्या, डोळा चुकून दुसऱ्याच मुलाच्या रकान्यात गेला असेल म्हणून. गेला नव्हता.

१६ जानेवारी

बाई म्हणाल्या, “त्या काळचे हेडमास्तर! मुलगा खरं बोलला तर ते असत्यच लिहिणार. हे घालू नकोस.” थोड्या वेळाने परत आल्या. “तुझ्या वयात मलाही असंच व्हायचं. प्रत्येक भिंत ठोकून बघायची. पण घर पाडायला ठेवलेलं नाही ना आपल्याला.” आजपासून कचेरीत माझं नाव ‘तळटीप’ पडलं आहे. चहा आला की शिपाईसुद्धा विचारतो, “तळटीप, साखर किती?”

२२ जानेवारी

सरांच्या वेळी सहावीला असलेलं भूगोलाचं पुस्तक मोठ्या ग्रंथालयात मिळालं. दोन्ही आवृत्त्या आहेत. जुन्या आवृत्तीत डोंगराची उंची एक आहे, त्या वर्षी निघालेल्या नव्या आवृत्तीत दुसरी. नवी बरोबर आहे. आजच्या नकाशातही तीच. शाळेच्या नोंदीप्रमाणे मास्तर नव्या पुस्तकातून शिकवत होते.

म्हणजे सर चुकले होते.

हे वाक्य लिहिताना हात थांबला. सरांची पुस्तकं वाचूनच मी हा विषय घेतला. आता मीच त्यांची चूक शोधत फिरते आहे.

दादाला डबा द्यायला दुकानात गेले तेव्हा त्याला सांगितलं. तारेवरून नजर न काढता तो म्हणाला, “म्हणजे पोराच्या हातात जुनं पुस्तक असणार.”

“पण वडिलांच्या दुकानात त्या वर्षी शाळेची नवीच पुस्तकं बांधायला होती, चरित्रात आहे.”

“मग नव्याच्या पोटात जुन्याचा तुकडा गेला असेल. आमच्याकडे नाही का, रिळावर शेवटी उरलेली जुनी तार नव्याला जोडून देतात? वरून कळतं थोडंच.”

दादाला कधी कधी असं नेमकं सुचतं. शिकला असता तर कुठे पोचला असता. पण मुळात आवड हवी. त्याच्या स्टुलाखाली माझी शाळेची पुस्तकं अजून पडून आहेत. रद्दीत द्यायची राहून गेली असतील. वरच्या पुस्तकात खूण म्हणून तारेचा तुकडा होता.

२ फेब्रुवारी

सरांच्या घरी गेले होते. सर वर राहतात, त्यांच्या थोरल्या बहीण खाली. त्यांना सगळे ताईच म्हणतात. चारही चरित्रांत मिळून त्यांच्याबद्दल तीन शब्द आहेत : ‘एक थोरली बहीण’. वय त्र्याऐंशी. नजर अधू झाली आहे, पण हात चालू असतात. मी बोलत होते तेवढ्या वेळात त्यांनी रद्दीच्या कागदांच्या घड्या घालून ढीग रचला. कडेला कड अशी लागत होती की मला माझ्या फायलींची लाज वाटली.

सर झोपलेले होते, म्हणून मी ताईंनाच विचारलं. नव्या पुस्तकात जुना तुकडा जाऊ शकतो का?

त्यांचे हात थांबले. “कोण म्हणालं तुला?”

“माझा भाऊ. तो मोटारी दुरुस्त करतो.”

“शहाणा आहे,” त्या म्हणाल्या आणि सांगू लागल्या. ऐकलं तसं लिहिते.

पुस्तक सोळा सोळा पानांच्या जुड्यांनी बनतं. एका जुडीला फर्मा म्हणतात. फर्मे ओळीने मांडायचे, एकेक उचलून एकावर एक लावायचे, मग शिवायचे. आई गेल्यापासून लावायचं काम ताईंकडे होतं. त्या तेव्हा पंधरा वर्षांच्या. आधी दोन चुका झाल्या होत्या. वडील म्हणाले होते, आणखी एक झाली की मावशीकडे पाठवीन. मावशीकडे म्हणजे कायमचं. तिथे नऊ माणसांचं करायला कोणीतरी हवंच होतं.

“आणि त्या दिवशी माझ्या अंगात ताप. जुन्या आवृत्तीचे उरलेले फर्मे शेजारीच ठेवलेले. डोळ्यांपुढे नुसतं पांढरं दिसत होतं. किती लावले कुणाला ठाऊक. मग त्याच आठवड्यात बाळ्या शाळेतून रडत आला, उंचीवरून मास्तर बोलले म्हणाला, आणि मला कळून चुकलं, कुठला फर्मा आत गेलाय.”

“बाळ्या?”

“तुझे सर गं.”

गंमत म्हणजे चूक पुढे गेलीच नाही. पुठ्ठे चढायचे होते म्हणून पुस्तकं दुकानातच होती. दुसऱ्या दिवशी ताईंनी धीर करून गठ्ठा उपसला आणि एकूण एक पुस्तक उघडून पाहिलं. “त्या दिवशी अंधार पडायच्या आत सगळी नीट होती.”

“म्हणजे चूक झालीच नव्हती?”

“झाली होती. पण नीट झाली.”

“आपोआप?”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “हो बाई, आपोआप. टाके तेवढे वाकडे आले होते.”

टाके वाकडे, हे टिपून घेतलं आहे. अशक्तपणात पडले असतील.

निघताना हात धरून म्हणाल्या, “हे बाळ्याला सांगायचं नाही. मास्तर दुष्ट होता म्हणून शाळा सुटली, असं वाटतंय ना त्याला? वाटू दे.” मी शब्द दिला.

५ फेब्रुवारी

आज सर भेटले. मी नेलेले कागद त्यांनी वाचण्याआधी मोजले. कोणतंही पुस्तक हातात आलं की ते आधी पानं मोजतात, असं चरित्रांत आहेच. विद्वानांची शिस्त वेगळीच असते.

ताईंचं काहीच बोलले नाही. फक्त नोंदवहीतली ओळ वाचून दाखवली. सर चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “त्या रकान्यात चूक नाही. मी खोटं बोललो होतो. फक्त कोणत्या दिवशी, ते त्यांना कळलं नाही.”

मी ‘अं?’ म्हणाले. सरांपुढे ‘अं’ म्हणाले.

पहिल्या दिवशी ते उंचीवरून भांडले ते पुस्तकाच्या भरवशावर. त्यांनी दुकानातलं, पुठ्ठा न चढलेलं पुस्तक आधीच वाचून ठेवलं होतं. त्यात एका पानाचं वाक्य पुढच्या पानाशी जुळत नव्हतं, पण मोठ्या माणसांची पुस्तकं अशीच असतात असं त्यांना वाटलं. मास्तर म्हणाले, उद्या ते पुस्तक घेऊन ये. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी शेजारी दुसरी प्रत ठेवली, ओळीवर बोट ठेवून ताडलं आणि काय झालंय ते त्यांना कळलं.

“आयुष्यात पहिल्यांदा दोन प्रती ताडल्या त्या तेव्हा. आणि जे सापडलं ते लपवलं.”

गठ्ठा शाळेनेच बांधायला दिलेला. पुस्तक तिथे नेलं असतं तर शाळेने सगळा गठ्ठा तपासला असता, वडिलांना कळलं असतं, ताईंची रवानगी मावशीकडे झाली असती. म्हणून वर्गात उभं राहून सांगितलं, “पुस्तक नाहीच. मी खोटं बोललो.” हेडमास्तरांना खोट्याचा संताप होता. छड्या चार.

“मग दुपारी, ताई आजारी म्हणून आत झोपली होती तेव्हा, मी गठ्ठ्यातली बिघडलेली पुस्तकं वेगळी काढली. अकरा होती. शिवण उसवली, बरोबर फर्मा घातला, पुन्हा शिवली. दाभण बोटात किती वेळा गेलं विचारू नकोस.”

“आणि ही चरित्रांतली गोष्ट?”

“एका विद्यार्थ्याने कुठून तरी अर्धवट ऐकून लिहिली. खोडायची तर खरं सांगावं लागलं असतं. नाही खोडली.” मग म्हणाले, “ताईला यातलं काही माहीत नाही. तिला विचारायचं नाही.”

मी शब्द दिला. तीन दिवसांत दुसरा.

८ फेब्रुवारी

प्रकरण पुढे जात नाही. दोघं एका घरात राहतात, मध्ये अठरा पायऱ्या. सर समजतात, ताईंना त्यांची चूकच माहीत नाही. ताई समजतात, पुस्तकं आपोआप नीट झाली. दोघांच्या मधलं सगळं फक्त मला ठाऊक आहे आणि मी दोघांना बांधलेली आहे.

चरित्रातली गोष्ट लिहिली तर ती खोटी. खरी लिहिली तर एकाचा तरी विश्वासघात. बाईंच्या फायलीत मला कायम करण्याचा कागद आहे, तो कालच पाहिला. (मुद्दाम पाहिला नाही. उघडा होता.)

११ फेब्रुवारी

दुकानात जाऊन दादाला विचारलं, नावं न सांगता. कोणी आपल्या माणसासाठी काही सोडलं आणि कळू दिलं नाही, तर तिसऱ्याने ते सांगावं का?

दादाने तारेचे आणखी चार वेढे घातले. मग म्हणाला, “ज्याच्यासाठी सोडलं तो सुखात आहे ना?”

“आहे.”

“मग कशाला? कळलं की त्याला ते जन्मभर उचलून फिरावं लागतं.” नंतर त्याने अर्धी झालेली गुंडाळी सगळी उलगडली. वेढ्यांचा आकडा चुकला म्हणाला. दादाचा आकडा सहसा चुकत नाही. काम चालू असताना मी मध्ये बोलायला नको होतं.

१५ फेब्रुवारी

प्रकरण दिलं. चरित्रातली गोष्ट घातली नाही. नुसतं लिहिलं : ‘सहावीत असताना त्यांची शाळा सुटली.’ पण एवढ्यावर सोडलं तर वाचकाला वाटेल मी शोधलंच नाही. तेही एक प्रकारे खोटंच. म्हणून खाली टीप दिली : ‘कारण लेखिकेस ज्ञात आहे. ते सांगण्याचा अधिकार लेखिकेस नाही.’

बाईंनी टीप मोठ्याने वाचली. “हे काय आहे? भविष्य सांगतेयस का? आणि छड्या कुठे गेल्या? अगं, त्या छड्यांसाठी लोक हे पुस्तक घेणार!”

“ती गोष्ट खरी नाही, बाई.”

“मग खरी कोणती?”

मी टिपेवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ठीक आहे. हे असंच्या असं सरांकडे जाईल. तेच खोडतील, म्हणजे तुला कळेल. तुझ्या कागदाचं मग बघू.”

घरी कोणाला काही सांगितलं नाही. आईने विचारलं तर म्हटलं, चांगलं चाललंय. हे तिसरं खोटं. दुसरं कोणतं ते आठवत नाही, पण असणार.

१९ फेब्रुवारी

दुपारी सरांकडून बोलावणं आलं. गेले तर सर खाली, ताईंच्या खोलीत बसलेले. माझं प्रकरण त्यांच्या मांडीवर. नजर अधू झाल्यापासून ताईंना वाचता येत नाही, म्हणून ग्रंथात जाणारं सगळं ते त्यांना रोज दुपारी वाचून दाखवतात. हे मला माहीत असतं तर! निदान विचारायला हवं होतं.

“बस,” ताई म्हणाल्या. “बाळ्या, ते खालचं परत वाच.”

सरांनी वाचलं. आवाजात काही नव्हतं.

“आता सांग,” ताई मला म्हणाल्या. “अधिकार तुला नाही, तर कुणाला आहे?”

मी सरांकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. “मला बोलता येणार नाही. मी दोघांनाही शब्द दिलाय.”

म्हणाले आणि कळलं, मी काय म्हणाले ते.

“दोघांनाही?” सर म्हणाले.

“दोघांनाही?” ताईसुद्धा म्हणाल्या. मग त्या भावाकडे वळल्या. “म्हणजे तूही सांगितलंस होय हिला?”

“तू काय सांगितलंस?”

“चूक माझी होती, तर मी सांगायचं नाही?”

सरांनी मांडीवरचे कागद बाजूला ठेवले. मग अगदी हळू म्हणाले, “तुला माहीत होतं?”

“पुस्तकं आपोआप नीट होत नाहीत हे कळायला शाळा लागते का रे? टाके बघितले मी. आपल्याकडे गाठ आत जायची. ह्या गाठी सगळ्या बाहेर, टपोऱ्या. दुसरं कोण घालणार असल्या?”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“तू बोललास?” ताईंनी पदराने डोळे पुसले, पण आवाज चढाच होता. “मला काय तोंड होतं बोलायला? माझ्यापायी तुझी शाळा गेली. वाटायचं, हा स्वतःहून सांगेल तेव्हा पाया पडेन. तू सांगतोयस कसला! पुढे एवढा मोठा झालास, मग तर बोलायची सोयच राहिली नाही.”

“शाळेचं काय एवढं,” सर म्हणाले. “अकरा पुस्तकं होती फक्त.”

“बारा.”

“अकरा, ताई. मी गठ्ठा दोनदा मोजला होता.”

“मोजला असशील. बारा होती. बारावं मी नीट केलं, त्याच संध्याकाळी.”

“शक्यच नाही. मी प्रत्येक प्रत उघडून पाहिली होती. कुठे होतं बारावं?”

“तुझ्या बुडाखाली,” ताई म्हणाल्या. “त्याच्यावरच बसून शिवत होतास. मी आतून बघत होते.”

ज्यांनी साठ वर्षं सगळ्यांना सांगितलं की एकही प्रत न पाहता सोडू नका, ते सर बहिणीसमोर सहावीतल्या मुलासारखे बसले होते. शेवटी म्हणाले, “स्टूल मोडलेलं होतं.”

ताई हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग हसता हसता रडू. सर उठले आणि त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी ताईंच्या समोरच्या घड्यांचा ढीग उगाच सरळ केला. तो सरळच होता.

मी निघायला लागले तर ताई म्हणाल्या, “तू कुठे चाललीस? बस. लिही.”

“काय लिहू?”

“झालं ते. सगळं. माझा ताप, माझी चूक, ह्याच्या गाठी.”

“ताई, छापायचं म्हणजे सगळे वाचतील,” सर म्हणाले.

“वाचू देत. आता मला कोण मावशीकडे पाठवतंय?” मग माझ्याकडे वळून : “आणि बारा लिही. हा अकरा म्हणेल, त्याचं ऐकू नकोस.”

सरांनी माझं पेन मागून घेतलं, खालची टीप एका रेघेत खोडली आणि कागद मला परत दिला.

मी तिथेच बसून लिहायला घेतलं. बाई काय म्हणतील, त्या कागदाचं काय होईल, हे मनात आलं, पण हात थांबला नाही. बाराव्या पुस्तकापाशी आले तेव्हा अडले. सरांची नोंद अकरा म्हणते, ताईंची बारा. अशा ठिकाणी आधार द्यावा लागतो, हे सरांनीच आम्हांला शिकवलेलं. सरांकडे पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघत होते.

“ताई,” मी विचारलं, “आधार काय देऊ?”

“आधार म्हणजे?”

“म्हणजे ते तिथे असताना कोणी पाहिलं, त्याचं नाव लिहायचं असतं.”

“मग त्यात विचारायचं काय?” ताई म्हणाल्या. “लिही ना. मी होते.”